धवलारीण चांगूबाय

चांगूबाय बोलायला लागली की आधी तिच्या डाव्या हाताचं बोट गळ्यावर जायचं. तिला न ओळखणाऱ्या माणसाला वाटायचं, ही बाई गळ्याशपथ घेते आहे. भाव विचारला तरी शपथ, रस्ता विचारला तरी शपथ. ठाण्याच्या बाजारात एक भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला, "बाई, वांगी ताजी आहेत हे मी सांगतोय, शपथ तुम्ही कशाला घेताय?" चांगूबायने बोट तसंच ठेवून त्याला उत्तर दिलं, "शपत नाय रं, कवार लावतंय. कवार उघरा ठेवला तं बोल भाइर परून जातो." आणि त्याची दोन वांगी बाजूला टाकली, कारण ती किडकी होती.

कवार म्हणजे कवाड. त्या बोटाखाली चांदीची नळी होती. गळ्याच्या अगदी पायथ्याशी माझ्या भावाने भोक पाडून ती बसवली होती. भोक उघडं असलं की वारा तिथूनच आत जायचा आणि तिथूनच बाहेर यायचा, आवाज काही निघायचा नाही. बोट ठेवलं की वारा वर चढून कंठाला लागायचा आणि चांगूबाय बोलायची. बोलायची म्हणजे काय, समोरच्याची बोलती बंद करायची. तिची ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आणि दर वेळी कोणीतरी हळहळून म्हणालं, "बिचारी!" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आगगाडी ठाण्याला येऊन तेव्हा एक पिढी उलटली होती, पण खाडीकाठची माणसं अजून भरतीच्या पाण्यावरच ठाण्याला यायची. माझा थोरला भाऊ, दादा, मुंबईत डॉक्टरी शिकून आला होता. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं आणि घराच्या ओटीवरच त्याचा दवाखाना. मी त्याची विधवा बहीण. सोळाव्या वर्षी माहेरी परत आले ती कायमची. बायका परक्या पुरुषापुढे जीभ दाखवत नसत, नाडीसुद्धा पदराआडून देत, म्हणून दादाने मला लिहायला-वाचायला शिकवलं आणि हाताशी घेतलं. बायकांचं दुखणं मी ऐकायचं, त्याला सांगायचं, आणि त्याचं म्हणणं बायकांना समजेल अशा बोलीत परत द्यायचं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. दादा त्यांना म्हणाला, "उद्या तुमच्या बायका आजारी पडतील तेव्हा तीच नाकं सरळ करून या." बोलण्यात तो असा तिखट होता, पण हातात शस्त्र घेतलं की भित्रा म्हणावा इतका जपून.

चांगूबाय आली ती सकाळच्या भरतीला, दिवा गावाकडच्या एका होडीतून, एकटीच. पन्नाशीची, काळीसावळी, थोराड हाडाची, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं. ती पायरी चढत होती तेव्हा तिच्या श्वासाचा आवाज मला माजघरात ऐकू आला. ओल्या लाकडावर करवत चालावी तसा. मी बाहेर येऊन पाट ठेवला. ती बसली नाही. खांबाला धरून उभी राहिली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत म्हणाली, "दागतर कंचा?"

"दादा येईल. तोवर मला सांगा, काय होतंय?"

"मना काय व्हतंय त्ये मना म्हाईत हाय. गल्यान कायतरी हाय. त्ये काय हाय त्ये बघा नि गावाला सांगा."

"आणि औषध?"

"आदी बघा," ती म्हणाली आणि मगच पाटावर टेकली.

औषध नको, बघा, असं म्हणणारा रोगी मी त्याआधी पाहिला नव्हता. मग थांबत थांबत, मध्ये करवत चालवत, तिने सगळं सांगितलं. ती धवलारीण होती. आगरी लोकांचं लग्न भटाच्या मंत्रांनी लागत नाही, धवलारणीच्या गाण्यांनी लागतं. हळद तिने लावायची, मुंडावळ्या तिने बांधायच्या, आणि सगळ्यांत आधी एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलवायचं. गावदेवीपासून खाडीवरच्या, शिवेवरच्या, मिठागराच्या बांधावरच्या देवापर्यंत सगळे आले पाहिजेत. एक जरी राहिला तर तो रुसतो, आणि रुसलेला देव त्या जोडप्याला तरी धरतो नाहीतर धवलारणीच्या गळ्याला तरी. चांगूबाय हे सगळं सासूकडून शिकली होती आणि शीळ गावापासून डोंबिवलीपर्यंतच्या गावांत तिच्याशिवाय मांडव पडत नव्हता. तिचा नवरा तर ती विशीत असतानाच गेलेला. आमच्यात अशा बाईने मांडवाच्या दारातही उभं राहायचं नसतं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुम्हाला चालतं?"

तिने माझ्या डोक्यावरून ओढलेल्या पदराकडे पाहिलं. "धवलारनीचा नवरा जिता हाय का मेला, आमचं देव इचारीत नाय. तुमचं देव लय चवकशा करतान का गो?"

मी पाणी आणायला आत गेले.

घडलं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी तिने आपल्याच गावच्या पाटलाच्या लेकीचं, बारकीचं, लग्न लावलं होतं. वर्ष फिरायच्या आत मिठाची होडी घेऊन गेलेला पाटलाचा जावई वादळात बुडाला. त्याच सुमाराला चांगूबायला धाप लागायला लागली. गावाने दोन्हीची गाठ मारून टाकली. लग्नात देव राहिला, त्या देवाने जावई नेला, आणि आता तो धवलारणीच्या गळ्यात बसला आहे! पाटलाने तिचे मांडव बंद केले. बारकीला माहेरी आणून घरात कोंडल्यासारखं ठेवलं. कल्याणच्या एका वैद्याने दमा म्हणून धोतऱ्याची धुरी दिली, तिने काही झालं नाही. ठाकुर्लीकडचा एक भगत कोंबडा घेऊन म्हणाला की कोणता देव विसरलीस ते गावापुढे कबूल कर, म्हणजे सोडेल.

"समदी बोलतान, कबूल कर, कबूल कर. मी कंचा कबूल करू? यक बी राहिला नाय. वारा सुटला, होरी बुरली. त्यान माजा गला मधी कंचा आयला?" एवढं बोलून तिला इतकी धाप लागली की मी तिची पाठ धरून बसले. तिला मरायची भीती होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. पण खोटी ठरून मरायला ती तयार नव्हती, हे मला त्या पहिल्या तासातच कळलं.

दादाने तिची छाती ऐकली, पाठ ऐकली, आणि समोर बसून तिचा श्वास निरखला. मग मला म्हणाला, "दम्याचा माणूस श्वास सोडताना अडतो. ही घेताना अडते. आणि आवाज बघ किती स्वच्छ आहे. कंठ चांगला आहे, अडथळा त्याच्या खाली आहे." त्याच्याकडे मुंबईहून आणलेला एक लहान गोल आरसा होता, लांब दांडीच्या टोकाला बसवलेला. तो दिव्यावर जरा शेकवून घशात मागे धरायचा, म्हणजे श्वासाने धुरकट होत नाही. दुसऱ्या आरशाने ओटीवरचं ऊन तिच्या तोंडात पाडायचं. जीभ फडक्यात धरून बाहेर ओढायचं काम माझ्याकडे. भल्याभल्यांना या प्रकारात ओकारी यायची. चांगूबायने डोळे मिटले आणि दादा "ए म्हणा" म्हणाला तेव्हा असा लांब सूर लावला की रस्त्यावरची माणसं थांबली. सूर संपला, तिने खोल श्वास ओढला, कंठ उघडला, आणि तेवढ्या वेळात दादाने खालची नळी पाहिली. तीन-चारदा तसंच करायला लावलं. मग त्याने आरसा खाली ठेवला. 

"श्वासनळीच्या भिंतीला गाठ आहे," तो म्हणाला. "करवंदाएवढी. अशी गाठ मी पुस्तकातच पाहिली होती. आमच्या गुरूंनीसुद्धा कधी पाहिली असेल की नाही, कोण जाणे."

मी ते तिला सांगायच्या आतच तिने विचारलं, "दिसला?"

"दिसली. गाठ आहे. मांसाची."

चांगूबायने माझा हात इतका दाबला की बांगड्या असत्या तर फुटल्या असत्या. "मी बोललेलू ना!" ती म्हणाली आणि हसायला लागली. गळ्यात मरण घेऊन बसलेली बाई अशी आनंदाने हसताना पाहून दादा गोंधळला. त्याला वाटलं, हिला समजलं नाही. तिला सगळं समजलं होतं.

दादा मुंबईला जाऊन आपल्या गुरूंना घेऊन आला. मोठे सर्जन, पारशी गृहस्थ, मराठी उत्तम बोलायचे. त्यांनीही आरशातून पाहिलं. त्यांचं मत पडलं की हा बहुतेक कॅन्सर आहे, वैद्य ज्याला अर्बुद म्हणतात तो. गाठीच्या खाली भोक पाडून नळी बसवावी, म्हणजे बाई निदान गुदमरून मरणार नाही. पण गाठीला हात लावू नये. रक्त श्वासनळीत उतरलं तर टेबलावरच खेळ संपेल. दादाने मान डोलावली. त्याला तेच हवं होतं असं मला वाटलं, आणि मला त्याचा राग आला.

मी चांगूबायला दोन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. ती म्हणाली, "नली बशीवली का मना दम मिलंल?"

"मिळेल."

"नि गाठ आतच?"

"आतच."

"मंग गावाला काय दाखवू? माजा गला फारून दाखवू?" ती उठून थेट त्या दोघांपुढे जाऊन उभी राहिली. "वारा माजा हाय. तो ठेवायचा का घालवायचा त्ये मी बोलनार. तुमी गाठ कारा. मेले तं मेले. पन कारल्याबिगर मना नली नको."

पारशी डॉक्टर दादाकडे वळून म्हणाले, "तुझा पेशंट तुझ्यापेक्षा धीट आहे, बाबा." आणि कोट काढून बाह्या सारायला लागले. हे मला फार आवडलं. मोठ्या माणसाने मत बदलावं तर असं, उगाच घसा खाकरत बसू नये.

आमच्या जेवणघरात दवाखान्यातलं मोठं मेज मांडून त्यावर ते झालं. वहिनी मुलांना घेऊन शेजारी गेली. पहिल्या दिवशी गळ्याच्या पायथ्याशी भोक पाडून नळी बसवली. ती नळी गळ्यात रुळली, चांगूबायला पुरता दम यायला लागला, तेव्हा पुन्हा मेजावर घेतलं. या खेपेला गुंगीचं औषध नळीतूनच दिलं आणि नळीभोवती बोळे दाबून बसवले, म्हणजे वरून रक्त उतरलं तरी खाली जाणार नाही. मग वरची श्वासनळी उभी चिरून गाठ मुळापासून कापली आणि जागा तापवलेल्या तारेने डागली. मी डोक्याशी उभी होते. मांस जळल्याचा वास आला आणि तिचा श्वास थांबला.  गुरूंनी बोळा ओढला, नळीतली गुठळी पिसाने काढली, तिच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब दिला. नळीतून एकदम फूस असा आवाज आला. मग दुसरा. त्या आवाजाइतकं सुंदर मी आयुष्यात दुसरं काही ऐकलेलं नाही, आणि मी पुष्कळ भजनं ऐकली आहेत.

शुद्धीवर आल्यावर तिने हाताने खूण केली: दाखव. दादाने बशीतली गाठ दाखवली. तिने ती डोळे भरून पाहिली आणि पुन्हा खूण केली: दे. इथे भांडण जुंपलं. गुरूंना ती मुंबईला न्यायची होती, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. चांगूबायला बोलता येत नव्हतं, पण तिने त्यांचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. शेवटी गाठीचे दोन तुकडे झाले. एक मुंबईला गेला, दुसरा काचेच्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवून तिच्या उशाशी ठेवला. मुंबईहून निरोप आला की कॅन्सरच आहे, पण सावकाश वाढणाऱ्या जातीचा. कधीतरी परत उगवणार.

तोवर बोट ठेवून बोलायची कला तिला साधली होती. मी तिला ते तसंच सांगितलं, लपवाछपवी केली नाही.

"परत येनार? कवा?"

"काही वर्षं जातील, असं म्हणतात."

"मंग मधी लगनां हायेत," ती म्हणाली आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

नळीच्या आत दुसरी बारीक नळी असते. ती काढून कफ साफ करावा लागतो, आणि त्याला पीस सगळ्यांत चांगलं. चांगूबायने घरून कोंबड्याची पिसं मागवली. आमच्या ओटीवर कोंबड्याची पिसं वाळत पडलेली पाहून वहिनीने तुळशीला जास्तीचं पाणी घातलं. पीस चांगूबाय अंबाड्यात खोवून ठेवायची. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? "बोलतील का राजाची रानी हाय," ती म्हणाली.

जखमा भरल्यावर ती गावी निघाली. दादाने मला सोबत पाठवलं, नळीची काळजी घ्यायला. ब्राह्मणाच्या विधवेने आगऱ्यांच्या होडीतून जावं, याची चर्चा ठाण्यात पुढे महिनाभर पुरली. चांगूबाय वल्ह्याशी बसली होती आणि बाटली मांडीवर. घरी न जाता ती सरळ गावदेवीच्या पारावर गेली. बातमी आधीच पोचलेली, सगळं गाव जमलं होतं. पाटील पारावर बसला होता, जाडजूड, मिशीवाला, चेहऱ्यावर दुःखाने घट्ट होऊन बसलेला राग. चांगूबायने बाटली त्याच्यासमोर ठेवली. बोट गळ्याला लावलं.

"ह्यो बघ, पाटला. तुजा रुसलेला देव. इस्पिटान बुरून बसलाय."

माणसं वाकून वाकून बघायला लागली. कोणी नाक दाबलं, एक पोर ओरडलं. मला वाटलं, झालं, जिंकली. पण पाटील काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने बाटली उचलून उन्हात धरली, हलवली आणि खाली ठेवली.

"मासाचा गोला हाय, मान्य," तो म्हणाला. "पन देवाला गल्यान मास वारवता येत नाय का? ज्याने जावई नेला त्याना येवरा बी जमनार नाय?"

गर्दीत हुंकार उठला.  एवढं सोसलं, मेजावर मेली आणि परत आली, आणि या माणसाने एका वाक्यात सगळं पाण्यात घातलं. याला काय उत्तर द्यायचं? मी तर त्याच्याशी इंग्रजी पुस्तकातलं बोलायला निघाले होते. चांगूबायने मला हाताने मागे सारलं.

"बराबर हाय तुजा," ती म्हणाली. "मंग आयक. नि मोज."

ती पारावर मांडी घालून बसली. बोट काढलं, नळीतून सूं करून वारा ओढला, बोट ठेवलं आणि गावदेवीला बोलावलं. आवाज पूर्वीचा राहिला नसेल, मी पूर्वीचा ऐकलेला नाही. जरा घोगरा, पण सरळ उभा राहणारा आवाज. एकेक ओळ, एकेक देव. दर ओळीला बोट काढायचं, वारा घ्यायचा, बोट ठेवायचं. डोंगरावरची आली, खाडीवरचा आला, शिवेवरचा आला. बायका ओठ हलवत मोजत होत्या. मध्येच तिला खोकला आला आणि कफाने नळी भरली. तिचा चेहरा काळानिळा झाला. मी पुढे धावले, "थांबा, बास करा आता!" तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अंबाड्यातलं पीस काढलं, आतली नळी उपसून साफ केली, परत बसवली आणि ज्या देवाच्या नावावर थांबली होती त्याच नावापासून पुढे सुरू झाली. पाटीलसुद्धा तिच्याकडे बघत राहिला.

शेवटच्या देवाला पाटावर बसवून ती थांबली. "बोला," ती धापा टाकत म्हणाली. "कंचा राहिला?"

 मग पाटलाच्या मागे बसलेली त्याची म्हातारी आई काठीवर रेलून उभी राहिली. दात नव्हते, पण बोलणं स्वच्छ. "समदं आयलं. बारकीच्या लग्नान बी ह्येच समदं आयलेलं. मी तवाच मोजलेलं."

पाटील गर्रकन वळला. "मंग का नाय बोललीस, आये? दोन वर्सां!"

"मना इचारला कोनी?"

 तेवढ्यात पारासमोरच्या पाटलाच्या घराचं दार उघडलं आणि एक कोवळी मुलगी बाहेर आली. दोन वर्षं उन्हात न गेलेली, फिकट. ती बारकी. गर्दीतून वाट काढत ती चांगूबायच्या शेजारी पारावर येऊन बसली. बापाने हाक मारली, "बारके, घरान चल." तिने मान हलवली. चांगूबायने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गळ्याला बोट लावून म्हणाली, "पाटला, तुजे पोरीचा बी काय चुकला नाय. आता तिला माजेकरं धार. मना दम कमी परतो, गान्याच्या अरद्या वली तिना म्हनूंदे." पाटील उठला आणि एकटाच घरी गेला.  त्या दिवसापासून बारकी तिच्याकडे शिकायला जायला लागली.

त्यानंतरची काही वर्षं म्हणजे चांगूबायचा अंमल होता. डोंबिवलीच्या एका लग्नात नवऱ्याचा काका कुरकुरला की भोकाच्या गळ्याची बाई शुभकार्यात नको. तिने गाता गाता बोट काढलं. आवाज बंद. सगळा मांडव गप्प, नवरा-नवरी पाट धरून बसलेली, कोणाला पुढे काय करायचं ते माहीत नाही. बराच वेळ तसा जाऊ देऊन तिने बोट ठेवलं आणि काकाला म्हणाली, "लाव ना लगीन. तुजा गला तं चांगला हाय." काकाने पुढे होऊन तिचे पाय धरले, असं बारकी सांगायची. पाय धरले की नाही देव जाणे, पण त्या घरची पुढची दोन लग्नंही चांगूबायनेच लावली.

दर काही महिन्यांनी ती नळी दाखवायला ठाण्याला यायची. येताना खाडीचं काहीतरी आणायची, जे आमच्या घरात चालत नसे, आणि मग गड्याच्या घरी जायचं. दादाशी तिचं नेहमीचं भांडण होतं. तो म्हणायचा, गळा झाकत जा, धूळ जाते. ती म्हणायची, "झाकायला मी काय चोरी केली?" मला मात्र ती बाजूला घेऊन नुसती बसायची. एकदा म्हणाली, "तू इतका दागतरी करतंस, नि बोलताना खाली कशाला बघतंस?" मी तेव्हापासून वर बघायला शिकले. अजून काही जणांना ते खटकतं.

गाठ परत आली ती नळीच्या खाली, जिथे हात पोचत नाही अशा जागी. दादाने त्या भोकातूनच बारीक आरसा धरून पाहिलं आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. मुंबईहून गुरू पुन्हा आले, त्यांनीही मान हलवली. माझ्यावर सांगायची पाळी आली. मी सांगितलं. चांगूबाय ऐकून घेत म्हणाली, "किती लगनां?"

"या उन्हाळ्यातली. कदाचित."

"बारकी तयार हाय," ती म्हणाली. मग दादाकडे बघून, "रडू नको रं, दागतरा. फुकटची वर्सां दिलीस."

ती वैशाखात गेली, आपल्या घरी, बारकीच्या मांडीवर डोकं ठेवून. शेवटचे दोन दिवस बोट ठेवलं तरी आवाज निघत नव्हता. निरोप आला तेव्हा भरती ओसरली होती आणि मला पोचता आलं नाही. मी माजघरात बसून मोठ्याने रडले. आमच्याकडे कोणा परक्यासाठी असं रडत नाहीत. मी रडले.

पण तिला मी शेवटची पाहिली ती त्याआधी, चैत्रात. तिच्या भाच्याचं लग्न होतं आणि तिने मला होडी पाठवली होती. मी मांडवाच्या बाहेर एका खांबापाशी उभी राहिले, सवयीने. आत बारकी गात होती, मोकळ्या गळ्याने, न चुकता. चांगूबाय तिच्याशेजारी पाटावर बसली होती, नुसता वारा ओढत. हळदीची वेळ झाली. तिने वाटी उचलली आणि नवऱ्या मुलाकडे न जाता उठली. एका हाताने माणसांच्या खांद्यांना धरत धरत ती मांडवाबाहेर माझ्यापाशी आली. तिला बोलायला बोट ठेवावं लागलं असतं, पण तिने वाटी खाली ठेवून दोन्ही हात हळदीत बुडवले होते.  तिने माझे हात पुढे ओढले आणि मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत हळद लावली, नवरीला लावतात तशी, दाबून, सावकाश.  गावच्या बायका बघत होत्या आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग तिने मला हाताला धरून आत नेलं आणि आपल्या पाटावर बसवलं.

घरी पोचले तेव्हा पानं मांडलेली होती. वहिनीने माझे पिवळे हात पाहिले. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने घाईघाईने तांब्या पुढे केला, "वन्सं, आधी धुऊन या. पंगतीत नातेवाईक मंडळी आहेत."

"धुवायचे नाहीत," मी म्हटलं.

भाताचं पातेलं उचललं आणि त्याच हातांनी वाढायला लागले. पहिलं पान दादाचं होतं. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग पंगतीवरून नजर फिरवली, आणि पहिला घास घेतला. मग सगळे मुकाट्याने जेवले.